खुर्चीवर बसून जेवण्याबाबत खुलासा

इस्लामपूर,
सोमवार, २३ जून १९९७

आदरणीय अंजनाताईंना,
आम्रपालीचा सविनय जयभीम.

इकडे आम्ही सगळे उभे आहोत, म्हणजे ज्यांना उभं राहता येतं ते. मामांची (तुमच्या आबांची) तब्येत ठणठणीत आहे. त्यांचा आवाज तिकडे साताऱ्यापर्यंत येत नसेल तर वारा उलटा असणार. आत्ती नेहमीसारख्या आहेत. कपिल शिरवळच्या कारखान्यात आठवड्यातले सहा दिवस राबतात आणि गुरुवारच्या सुट्टीला घरी येऊन झोपतात. तुमची भाची प्रियंका साडेचार महिन्यांची झाली. ती आता पालथी पडते आणि पालथी पडली की सुलटं होता येत नाही म्हणून रडते. तिच्या आईची परिस्थिती फार वेगळी नाही. तिकडे दाजींचा खोकला कमी झाला का? प्रथमेशच्या स्कॉलरशिपचा निकाल लागला असेल तर कळवा. मामा रोज मला विचारतात, जसा काही पेपर मीच तपासलाय.

तुमचं कार्ड गेल्या मंगळवारी मिळालं. कार्डावर जागा कमी असते हे मान्य. पण तेवढ्या जागेत तुम्ही तीन प्रश्न असे विचारलेत की आमच्या ज्योतिबा पोस्टमननी कार्ड हातात देताना मला एकदा डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतलं. (पोस्टकार्ड उघडं असतं, ताई. आमच्या आळीत ते मालकाच्या आधी चार जणांना पाठ होतं.) पहिला प्रश्न, आम्रपाली खुर्चीवर बसून जेवते आणि सासू खाली बसते, हे खरं का. दुसरा, पोरीला अंघोळ आबा घालतात, हे खरं का. आणि तिसरा, बुद्धपौर्णिमेला ती विहारात भगवंतांच्या मूर्तीसमोर खुर्ची टाकून बसली, हे खरं का. तिन्ही खरं आहे. चौथी गोष्ट तुमच्यापर्यंत पोचलेली दिसत नाही म्हणून मीच सांगते, मी परकरसुद्धा खाटेवर बसूनच घालते.

आमच्या शाळेत कुणाविरुद्ध काही कानावर आलं की हेडमास्तर आप्पासो गुरुजी लेखी खुलासा मागतात, आणि तो एका पानात बसला पाहिजे असा त्यांचा दंडक आहे. माझा बसणार नाही. बसणं हाच तर माझा सगळा प्रश्न आहे.

गेल्या वर्षीची दिवाळीची सुट्टी संपली त्या दिवशी हे सुरू झालं. मला सहावा सरत आला होता. सकाळी शाळेला जायची गडबड, परकर घालायला मी डावा पाय उचलला आणि दोन मांड्यांच्या मधोमध, पुढच्या हाडात, कट्ट असा आवाज झाला. आवाज इतका मोठा की बाहेर ओट्यावर बसलेल्या मामांनी, चुलीला एवढं जाड लाकूड कशाला मोडताय म्हणून विचारलं. कसं दुखलं ते सांगू का? शिजलेल्या कोंबडीची तंगडी आपण दोन्ही हातांनी फाकवून सोडवतो ना, तसं. फक्त कोंबडीच्या जागी मी. तिथून ती कळ पाठीमागे कंबरेच्या दोन खळ्यांत गेली आणि तिने तिथेच बिऱ्हाड केलं.

सगळ्यात जास्त दुखायचं ते एका पायावर भार आला की. आणि माणूस दिवसातून किती वेळा एका पायावर उभा असतो हे मला तोवर माहीतच नव्हतं. पायरी चढायची तर एक पाय हवेत. उंबरा ओलांडायचा तर एक पाय हवेत. चप्पल घालणं, मोरीत पाय धुणं, मामांच्या एम-एटी गाडीवर मागे बसणं, सगळीकडे एकच पाय. साधं चालणं म्हणजेसुद्धा एकदा या पायावर आणि एकदा त्या पायावर उभं राहणं आहे, नीट विचार केलात तर. मग मी पावलं उचलायचीच सोडली, दोन्ही पाय फरशीवरून सरकवत जायला लागले. आणि कूस बदलणं? दुपारी जरा आडवं झालं आणि डावीकडून उजवीकडे जायचं ठरवलं की आधी गुडघे जायचे, मग थांबा, मग कंबर, मग पोट, आणि सगळ्यात शेवटी मी. स्टँडवर एस.टी. मागे घेताना कंडक्टर पाठीमागे उभा राहून येऊ द्या, येऊ द्या करतो, तसं कुणीतरी मला हवं होतं.

आता एवढं दुखतंय म्हटल्यावर निदान करणारे आलेच. शेजारच्या शालूबाईंनी सांगितलं की हा गॅस आहे, आणि ओव्याचं पाणी आणून दिलं. (ते मी आठ दिवस प्यायले. गॅस गेला असावा, कारण तो आधीही नव्हता.) त्यांच्या जावेने सांगितलं की डाव्या बाजूला दुखतंय म्हणजे मुलगा, आणि पुढच्या आठवड्यात उजव्या बाजूला दुखायला लागल्यावर माझ्याशी बोलणं कमी केलं. इथल्या डॉक्टरांनी, पोट वाढलं की दुखणारच, मूल झालं की जाईल, असं सांगून कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. आणि आत्तींनी, म्हणजे तुमच्या आईंनी, काहीच निदान केलं नाही. त्यांनी फक्त सांगितलं की नववा लागला तरी त्या दुसऱ्याच्या रानात भांगलायला जायच्या, डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन यायच्या, आणि वर म्हणाल्या, "दोन पोरं झाली, मला कवाच काय झालं न्हाई." हे वाक्य मला त्या महिन्यात किती वेळा ऐकायला मिळालं याची मी खडूने भिंतीवर रेघा मारून नोंद ठेवणार होते, पण खडू उचलायला खाली वाकावं लागलं असतं.

मामांचं मत मात्र पक्कं होतं. तुम्हाला ठाऊकच आहे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली तरी त्यांच्या दृष्टीने जगातली सगळी दुखणी चालल्याने जातात, आणि जी चालल्याने जात नाहीत ती पळाल्याने. तेव्हा रोज सकाळी सहा वाजता ऊस गाड्यांच्या रस्त्याने मैलाच्या दगडापर्यंत जाऊन यायचं असा हुकूम निघाला. पुढे मामा, हलक्या आवाजात डावा उजवा म्हणत, आणि मागे मी, पोट सावरत, पाय सरकवत. त्यांचा डावा व्हायचा तेव्हा माझा उजवा चाललेला असायचा. कारखान्याला ऊस घालायला निघालेले गाडीवान बैल थांबवून आम्हाला वाट द्यायचे, तशी काही गरज नसताना. पहिले दोन दिवस मी दात खाऊन गेले. तिसऱ्या दिवशी परत आले आणि आपल्या घराच्या दोन पायऱ्यांपाशी पाय उचलेनाच. डावा उचलावा तर कट्ट, उजवा उचलावा तर कट्ट. मग मी खालच्या पायरीवर बसले, आणि बसल्यावर लक्षात आलं की आता उठताही येत नाही.

तेव्हा मामांनी काय करावं? घरात कुणाला हाक मारली नाही. माझ्या शेजारी पाय फाकवून, हात मागे बांधून, विश्राममध्ये उभे राहिले. रस्त्याने जाणाऱ्यांनी विचारलं, काय हवालदार, सुनंला घेऊन हितं का, तर म्हणाले, दूधवाल्याची वाट बघतोय. थोड्या वेळाने दूधवाला आला, दूध घालून गेला, आणि आम्ही तिथेच. पुढच्याने विचारलं तेव्हा पोस्टमनची वाट बघत होतो. पोस्टमन अकरा वाजता येतो आणि तेव्हा सात वाजले होते. पाऊण तास ते असे उभे होते. शेवटी रस्ता मोकळा बघून ते वाकले, माझे दोन्ही दंड धरले आणि एवढंच म्हणाले, "गुडगं जुळीव पोरी. आता दोनी पाय संगट." आणि मला उचललं. त्या क्षणी मला बाप आठवला. आत गेल्यावर त्यांनी आत्तींना जाहीर केलं की मार्च रद्द, जवान अनफिट आहे. आणि माळ्यावरची ती लोखंडी घडीची खुर्ची काढून, पुसून माझ्यासाठी मांडली. रिटायर झाल्यावर हौसेने आणलेली, ज्यावर ते स्वतःखेरीज कुणाला बसू देत नसत तीच. तर ताई, खुर्ची अशी आली. मी ती मागितलेली नाही.

शाळेत वेगळाच प्रकार झाला. माझ्याकडे पहिलीचा वर्ग, बेचाळीस पोरं. पहिलीतली पोरं अभ्यास सोडून बाईंची सगळी नक्कल करतात हे तुम्हाला सांगायला नको. आठ दिवसांत माझ्यामागून प्रार्थनेला जाणारी अख्खी रांग पाय फाकवून, डुलत, सरकत चालायला लागली. मी रागावले तर माझ्यासारखा कंबरेवर हात ठेवून उभी राहायची. आणि नेमके त्याच सुमारास एका सोमवारी केंद्रप्रमुख साहेब न सांगता तपासणीला आले. मैदानात बेचाळीस पोरं आणि एक बाई बदकासारखी डुलत चाललीत हे बघून त्यांनी चष्मा पुसला आणि आप्पासो गुरुजींना विचारलं की हे काय आहे. आप्पासो गुरुजी तीस वर्षं नोकरीत आहेत, चेहऱ्यावरची माशी न हलवता म्हणाले की ही बदकचाल, आमच्या शाळेचा स्वतंत्र उपक्रम, याने पोरांच्या पोटऱ्या मजबूत होतात. साहेबांनी भेटबुकात उपक्रम स्तुत्य असा शेरा मारला. आता केंद्रातल्या आणखी दोन शाळांत शनिवारी सकाळी बदकचाल घेतात असं कळतं. त्या दिवशी मी इतकी हसले, इतकी हसले, की हसल्यानेही तिथेच दुखतं हे नवीन समजलं.

आठव्यात माहेरी माधवनगरला गेले. माझ्या आईने मला दारातून आत येताना पाहिलं आणि काही न विचारता दुसऱ्याच दिवशी सांगलीला घेऊन गेली. तिकडच्या डॉक्टरीण बाईंनी एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे चिठ्ठी दिली. जेमतेम पंचविशीची पोरगी, ताई, कानात मोत्याच्या कुड्या, आणि टेबलावर माणसाच्या कंबरेचा अख्खा सांगाडा. (आईने तो पाहिल्याबरोबर पदर तोंडाला लावला. तिला वाटलं माझ्या आधीच्या बाईचा आहे.) तिने त्या सांगाड्याच्या पुढच्या बाजूला, जिथे दोन हाडं एकत्र येतात, तिथे बोट ठेवलं आणि सांगितलं की बाळाला वाट द्यायला हा सांधा सैल होतो, तुमचा जरा जास्त झालाय, आणि मागचे दोन सांधेही त्याच्याबरोबर हलतायत. मग म्हणाली, "हे तुमच्या मनाचं नाही, बाई. हाडाचं आहे. खूप जणींना होतं, सांगत कुणी नाही." बस्स, एवढंच. आणि मी, जिने केंद्रप्रमुखांसमोर बदकचाल करून दाखवली, ती तिथे हुंदके देऊन रडायला लागले. मला रडताना बघून आई रडली. ती रडताना मध्येच थांबली आणि आलोच आहोत तर म्हणून स्वतःचे गुडघे दाखवून घेतले.

त्या पोरीने मला नियम लावून दिले. कपडे घालायचे ते बसून. कूस बदलायची ती दोन्ही गुडघे एकमेकांना चिकटवून, मध्ये पाटी धरल्यासारखी. झोपताना पायांमध्ये उशी. पायरी चढायची ती एकेक, लहान पोरासारखी. पोर कडेवर घ्यायचं नाही, छातीशी धरायचं. गाडीत बसताना आधी पाठमोरं बसायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. आणि एक रुंद पट्टा, पोटाच्या खाली खुब्यांवरून आवळून बांधायचा. पट्टा बांधून मी उभी राहिले आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा असं वाटलं की माझी कंबर माझ्याच मालकीची आहे. बाहेर आल्यावर रिक्षात मी नियमाप्रमाणे पाठमोरी बसायला लागले, तर रिक्षावाला (गुंडा नावाचा, वडील गिरणीत होते तेव्हापासून ओळखीचा) घाबरून खाली उतरला. त्याला वाटलं मला घेरी येतेय. कारण समजल्यावर त्याने रिक्षा इतक्या जपून चालवली की माधवनगरच्या रस्त्यावर आम्हाला दोन सायकली, एक हातगाडी आणि उसाची एक बैलगाडी मागे टाकून गेली. बैलांनीसुद्धा वळून पाहिलं.

फेब्रुवारीत प्रियंका झाली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. तुमचं दोनदा झालंय. मूल झालं की दुखणं जाईल, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. मूल झालं. दुखणं राहिलं. निम्मं गेलं म्हणा, पण उरलेलं निम्मं असं की मला मांडी घालून बसता येईना, खालून पोर उचलता येईना, पाय पसरून पिंढऱ्यांवर तिला पालथी घालून अंघोळ घालणं तर लांबच. मे महिन्यात इकडे आले तेव्हा आत्तींना म्हटलं की तुम्ही घाला. त्या म्हणाल्या, माझ्या हातातनं पोर निसटंल. मला राग आला, लपवत नाही. दोन पोरं वाढवलेल्या बाईच्या हातातून पोर निसटतं होय? तेव्हा मामा पुढे झाले. आता रोज आठ वाजता ते मोरीत पाटावर बसतात, पोरगी पिंढऱ्यांवर घेतात, आणि साबण, पाणी, पुन्हा पाणी, अशा ऑर्डरी स्वतःलाच देत अंघोळ उरकतात. पोरगी बिलकूल रडत नाही. तिची छाती आहे का रडायची? गुरुवारी कपिल घालतात, तेव्हा रडते.

आणि विहारातलं. त्याचं असं झालं की मेच्या पहिल्या आठवड्यात माझा पट्टा दोरीवरून नाहीसा झाला. धुऊन वाळत घातला होता, संध्याकाळी जागेवर नाही. मामांनी रीतसर चौकशी बसवली. शालूबाईंच्या कुत्र्यावर संशय गेला, त्याच्या झोपायच्या जागेची झडती झाली, तिथे दाजींची गेल्या वर्षी हरवलेली चप्पल सापडली पण पट्टा नाही. (चप्पल धुऊन ठेवली आहे.) सांगलीहून दुसरा आणायला कुणाला सवड होईना आणि माझं दुखणं पुन्हा चढलं. अशात बुद्धपौर्णिमा आली. घरी बसले तर सून वंदनेला आली नाही, खाली बसले तर वंदना संपून लोक घरी जातील आणि मी तिथेच असेन. मामा खुर्ची खांद्यावर टाकून घेऊन आले. मी शेवटच्या ओळीत बसणार होते, पण तिथे दार, मग भिंतीकडेला सरकले, तिथे माइकची वायर, असं करत करत पंख्याखाली आले, आणि तिथून मूर्ती अगदी समोर. त्यात ती खुर्ची करकरते. सगळं विहार शांत झालं की मी श्वास घेतला तरी ऐकू जायचं. एका म्हाताऱ्या बाईंना ते सहन झालं नाही. (नाव लिहीत नाही, तुमच्याकडे बातमी त्यांच्याच मार्गाने आली असणार.) त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या की आमच्या वेळच्या सुनांना मोठ्यांची लाज होती. मी उठायला बघत होते, तेवढ्यात खाली सतरंजीवरून आत्तींचा आवाज आला. "बसू दे तिला. हाडाचं दुखनं हाय त्ये, तुला काय ठावं?" मला वाटलं पंख्याच्या घरघरीत मी काहीतरी चुकीचं ऐकलं. पण म्हातारी गप्प बसली, म्हणजे बरोबर ऐकलं होतं.

तर असा हा खुलासा. आता व्यायामाने बरंच बरं आहे, बारा आणे गेलंय म्हणा. शाळा सुरू झाली. जेवायला अजून खुर्ची लागते. तुम्हाला हे पटलं तर बरं, नाही पटलं तर एकदा येऊन मला खाली बसवून उठवून बघा, आणि येताना दाजींनाही आणा, एकट्याने जमणार नाही.

दाजींना जयभीम, मुलांना गोड पापा. माझ्यावरचा लोभ उभ्याने असो की बसून, असू द्यावा.

तुमची,
आम्रपाली

ता. क. पट्टा सापडला. वर लिहायचा धीर झाला नाही.

काल दुपारी जेवणं झाल्यावर मी पोरीला निजवत होते. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. आतून चर्रर्र असा आवाज आला. त्या पट्ट्याला कुसळांसारखी चिकटणारी पट्टी असते, ती सोडवताना नवं कापड फाडल्यासारखा आवाज होतो, आणि तसा आवाज करणारी दुसरी वस्तू आपल्या घरात नाही. मी दार ढकललं. आत्ती भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, पदर खाली सोडलेला, आणि माझा पट्टा त्यांच्या लुगड्यावरून, उलटा. माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा असा झाला की ताई, मी तो कधी विसरणार नाही. मी म्हटलं, आत्ती, उलटा घातलाय. आणि जवळ जाऊन सोडवला, सुलटा केला, खुब्यांवरून आवळून नीट बांधून दिला. त्यांनी हात वर धरून बांधून घेतला, लहान पोर बांधून घेतं तसा.

मग त्या बोलल्या. तुमच्या वेळेपासून दुखतंय त्यांना, ताई. बासष्ट सालापासून. तुम्ही झालात तेव्हा मामा सीमेवर होते. सासूला सांगितलं तर तिने दुसऱ्या दिवशी दोन भारे जास्त आणायला लावले. मी म्हटलं, मामांना तरी कळवायचं. तर म्हणाल्या, "फौजेत पत्र जायचं ते गुर्जीच्या हातनं. परक्या गड्यामानसाला कसं सांगू, हितं दुखतंय म्हनून? मी आपलं सांगायचो, लिवा, खुशाल हाय." मामा परत आले तोवर खुशाल आहे म्हणायची सवय लागली होती. मला कवाच काय झालं न्हाई, या वाक्याशी मी सात महिने मनातल्या मनात भांडत होते. मी तर लिहून वाचून शहाणी, आणि ते वाक्य कशाचं आहे हे मला एकदाही ओळखता आलं नाही.

ता. क. २. आता खरं काम. आत्तींचं दुखणं माझ्यासारखं नुसतं सांध्याचं नाही. कपिलच्या वेळेनंतर त्यांचं अंग बाहेर येतं, म्हणजे पिशवी खाली उतरते. खोकलं तरी येतं, पाटावर बसलं की जास्त. तीस वर्षं त्या कापड आवळून बांधून फिरतायत. पोरीला अंघोळ का घातली नाही ते मला काल कळलं. इथे दाखवायला त्या तयार नाहीत, इथल्या दवाखान्याच्या बाकावर निम्मी आळी ओळखीची असते. तुमच्या घराजवळ त्या बाई डॉक्टर आहेत, प्रथमेशच्या वेळी तुम्ही ज्यांच्याकडे जात होता, त्यांच्याकडे नाव घालून ठेवा. ऑपरेशन म्हणतील की दुसरं काही ते मला माहीत नाही, पण बघितल्याशिवाय कुणालाच कळणार नाही. मी आत्तींना सांगितलंय की अंजनाताईंनी कांदा-लसणाची चटणी मागितली आहे, ती घेऊन पुढच्या आठवड्यात गुरुवारी जा, त्या दिवशी कपिल स्टँडवर सोडतील. तेव्हा चटणी मागितल्याचं लक्षात ठेवा. मी तुम्हाला सांगितलंय हे त्यांना कळू देऊ नका. आणि उत्तर पोस्टकार्डावर पाठवू नका. पाकीट घ्या.

ता. क. ३. त्यांना कळलं.

पत्र बंद करत होते तर आत्ती पोरीला घेऊन समोर येऊन बसल्या आणि विचारलं, येवढं काय लिवलंस. पट्टा त्यांच्या अंगावर होता. मला खोटं बोलता आलं नाही. पहिल्या ओळीपासून दुसऱ्या ताज्या कलमापर्यंत सगळं वाचून दाखवलं. बदकचालीला त्या हसल्या, पुढे एका जागी डोळ्याला पदर लावला, म्हातारीचं नाव का नाही लिहिलंस म्हणून रागावल्या. संपल्यावर बराच वेळ पोरीच्या पाठीवर थोपटत बसल्या. मला वाटलं, आता हे पत्र चुलीत जाणार. मग म्हणाल्या, "गुरवारी नगं. कपिल येतोय, त्येला जेवाय कोन घालंल? सुक्करवारी येतो म्हनून लिव."

तेव्हा ताई, पुढच्या आठवड्यातला शुक्रवार, सकाळी साडेआठची गाडी. आत्ती चढताना पाठमोऱ्या चढणार नाहीत, ते एस.टी.ला जमत नाही. पण उतरताना तुम्ही दारात उभ्या राहा. मामांना आम्ही दोघींनी यातलं काहीही सांगितलेलं नाही. पण मघापासून ते ओट्यावर बसून बूट पॉलिश करतायत, आणि शुक्रवारला अजून अकरा दिवस आहेत.